पेपर प्लेटची चकती फिरत नाही, पट्टी अडकते, पिन निघून येते: नेमकं कुठे चुकतंय ते बघू

"घरी केलं तेव्हा मस्त फिरत होतं, शाळेत नेलं आणि फिरेना" ही तक्रार सुट्टीतल्या क्राफ्टच्या मुलांकडून आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांकडून मी इतकी ऐकते की आता मी पुढचं ऐकायच्या आधीच विचारते, दोन प्लेटा जोडल्यात कशा? एकात एक, तोंडाला तोंड की पाठीला पाठ? बहुतेक वेळा उत्तर "एकात एक" असतं, आणि तिथेच अर्धा प्रॉब्लेम सापडतो.

फुलपाखराचं जीवनचक्र घ्या, ऋतूंचं चक्र घ्या, चांदोबाच्या कला, अंड्यातून डोकावणारं पिल्लू, बिळातला उंदीरमामा, पिसारा उघडणारा मोर, दोरी ओढली की हात वर करणारं माकड, वरून सगळं वेगळं दिसतं पण अडकायच्या जागा त्याच त्या असतात. आणि कारणही बहुतेकदा एकच, की हलणाऱ्या भागाला हलायला वाव ठेवलेला नसतो. आपण क्राफ्ट करताना सगळं घट्ट, चिकटवून, चापूनचोपून करतो कारण सुटेल अशी भीती असते, आणि मग जे हलायला पाहिजे तेच घट्ट होऊन बसतं.

तर प्लेटांचं. चकतीच्या क्राफ्टमध्ये पुढच्या प्लेटला खिडकी कापलेली असते, मागची मधल्या पिनेवर फिरते आणि खिडकीतून एकेक चित्र दिसतं. प्लेटची कड वर वळलेली असते, त्या कडेला चुण्या असतात. एकात एक ठेवल्या की चुण्या चुण्यांत बसतात आणि वरची प्लेट फिरवायला गेलं की कड कडेवर घासते, एखादा सेंटीमीटर फिरते आणि कचकन अडकते, जोर लावला तर पिनेजवळ फाटते. तोंडाला तोंड लावल्या तर कडा टेकतात पण मध्ये पोकळी राहते, मग पिन घातली आणि आवळली की दोन्ही प्लेटांची पोटं आत ओढली जातात आणि सगळं वाकडं होतं. (तोंडाला तोंड ही पद्धत खुळखुळ्याला उत्तम, आत चार चिंचोके टाकायचे आणि कडेनी स्टेपल करायचं. फिरवायच्या वस्तूला नाही.) पाठीला पाठ लावल्या की मात्र दोन सपाट भाग एकमेकांना टेकतात, कडा दोन्हीकडे लांब जातात, कुठेच घासत नाहीत. एवढा एक बदल केला तरी पुष्कळ चकत्या जागच्या जागी फिरायला लागतात, बाकी काही करावं लागत नाही.

पण खरं सांगायचं तर दुसरी प्लेट हवीच कशाला. प्लेट ही फक्त अंगकाठी समजा, हलणारा भाग प्लेटचा करूच नका. चकती नवीन शर्टच्या आत असतो त्या पुठ्ठ्याची किंवा मिठाईच्या मोठ्या बॉक्सच्या झाकणाची कापा, आणि लहान भाग म्हणजे पट्ट्या, हात, जिभा वगैरे जुन्या लग्नपत्रिकेचे. लग्नपत्रिकेसारखा कागद दुकानात शोधून मिळत नाही, कडक असतो, गुळगुळीत असतो आणि घरात ढिगानी असतो. चकती प्लेटच्या आत नाही लावायची, मागे लावायची, पाठीकडून. 9 इंची प्लेट असेल तर चकती साडेनऊची घ्या म्हणजे कडेनी थोडी बाहेर येते आणि पोराला फिरवायला धरता येते. हे फार जण विसरतात, चकती आतल्या आत एवढी लपवतात की फिरवायला बोटच पोचत नाही, आणि मग म्हणतात फिरत नाही. लहान चकती ठेवायचीच असेल तर प्लेटच्या कडेला अंगठा जाईल एवढी खाच कापा.

आता प्लेट कुठली. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून थर्माकोलच्या प्लेटा गेल्या, बरंच झालं, क्राफ्टला त्या तशाही बेकारच होत्या, कापताना भुगा उडायचा. आता दुकानात मिळतात त्या साध्या पांढऱ्या कागदी, चंदेरी, उसाच्या चिपाडाच्या आणि सुपारीच्या पानाच्या. सुपारीची विसरून जा, दिसायला देखणी पण कात्रीनी कापताना तडकते आणि मुलांच्या हाताला कुसं लागतं. चिपाडाची प्लेट जाड आणि ताठ असते, तिच्यात भोक छान पडतं, पिन टिकते, चकतीच्या क्राफ्टला मला तीच आवडते, पण तिला घडी घालायला गेलात की घडीवर मोडते, त्यामुळे तोंड उघडणारा बेडूक वगैरे तिचा करायचा नाही. साधी पांढरी प्लेट घडीला चांगली, फक्त घडी घालायच्या आधी पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलनी जोरात एक रेघ ओढा, मग घडी सरळ रेघेत येते, नाहीतर ती आपल्या मनानी कुठेही मोडते. चंदेरी प्लेटवर रंग बसत नाही, पोस्टर कलर थेंब थेंब होतो आणि सुकल्यावर पोपडे निघतात, म्हणून ती उलटी करून मागच्या कागदी बाजूवर काम करा. पुढूनच रंगवायचं असेल तर पोस्टर कलरमध्ये थोडं फेविकॉल मिसळा, बरंच धरून ठेवतं.

पिनेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त रडारड इथे असते.

ज्या पिनेला दोन पाय असतात आणि मागून ते पाय फाकवायचे असतात ती पितळी पिन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात सहसा नसते. पेपर फास्टनर द्या म्हटलं की दुकानदार फायलीत कागद अडकवायची ती लांब पट्टी काढून देतो, त्याची चूक नाही, आपल्याकडे फास्टनर म्हणजे तेच. मिळालीच ती पितळी पिन तर प्रश्न नाही, पण एक करा, मागून पाय फाकवताना पायांच्या खाली आगपेटीची एक काडी आडवी ठेवा, काडीवरून पाय वाकवा आणि मग काडी ओढून काढा. काडीएवढी फट राहते आणि तेवढीच पाहिजे असते. काडी न ठेवता पाय सपाट दाबून टाकले की चकती आवळली जाते, पहिल्या दिवशी जोर लावून फिरते, त्या जोरानी भोक फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पिनच हातात येते.

पिन नसेल तर शर्टाची दोन बटणं, एक पुढून एक मागून, मध्ये जाड दोरा. इथेही काडीची युक्ती तीच, पुढच्या बटणाखाली काडी ठेवून दोरा आवळायचा आणि गाठ मारल्यावर काडी काढायची. माझ्या मते बटणंच सगळ्यात भारी, कारण बटण रुंद असतं, त्यामुळे भोकावर ताण येत नाही, आणि उंदीर-मांजर काही असलं तर तेच नाक किंवा डोळा होतं. दुसरं म्हणजे जुनं खोटं कानातलं. एकाचा जोड हरवलेला असतोच प्रत्येक घरात. त्याची दांडी भोकातून घालायची आणि मागून रबरी फिरकी लावायची, फिरकी मागेपुढे सरकवून पाहिजे तेवढं घट्ट-सैल करता येतं, असं ॲडजस्टेबल दुसरं काही नाही. फक्त चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात नको, आणि बटणंही त्यांच्यासाठी पक्की गाठ मारूनच, तोंडात जातात.

तिसरा उपाय सायकलवाल्याकडचा. व्हॉल्व्हची ती काळी बारीक रबरी नळी मिळते, तिचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करायचे, आगपेटीची काडी गुल काढून भोकातून घालायची आणि दोन्ही टोकांना नळीचे तुकडे चढवायचे. झाला आस. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ज्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवली ते अरविंद गुप्ता, 2018 ला पद्मश्री मिळाली ते, ते काड्या आणि हीच नळी घेऊन त्रिकोण, चौकोन, घरं उभी करायचे. ज्याला पेपर प्लेटच्या पुढे जायचंय त्यानी ते करून बघावं, मुलं तासन्‌तास बसतात. नळी रबराची असल्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुठ्ठ्याला चिकटून बसते, म्हणजे घर्षण जास्त. फिरायला पाहिजे तिथे ती पुठ्ठ्यापासून जराशी लांब ठेवा. कुठे टेकवूनच ठेवायची ते खाली येतंय.

भोकाबद्दल दोन गोष्टी. पंचिंग मशीन प्लेटच्या मध्यापर्यंत पोचत नाही हे सगळ्यांना ऐन वेळी कळतं, आणि पोचलं असतं तरी त्याचं भोक साधारण 6 मिलिमीटरचं, पिनेसाठी फारच मोठं, चकती डुगडुगते. कर्कटकानी किंवा दाभणानी पाडा, खाली अर्धा बटाटा किंवा मोठा खोडरबर धरा म्हणजे बोटात जात नाही, आणि हे काम मोठ्यांनी करायचं. भोक पाडायच्या आधी त्या जागी दोन्ही बाजूंनी सेलोटेपचा तुकडा लावा, मग भोक फाटत नाही. मग पेन्सिलीचं टोक घालून जरा गोल फिरवा, पिन आत सहज फिरली पाहिजे पण हलली नाही पाहिजे.

आणि मध्य. अंदाजानी मध्य काढू नका हो. एका बाजूला पाच मिलिमीटर जरी सरकला तरी चकती फिरताना एकीकडे बाहेर येते दुसरीकडे आत जाते आणि खिडकीतलं चित्र अर्धं कापलं जातं. वर्तमानपत्रावर प्लेट उलटी ठेवून आखा, तो गोल कापा, दोनदा घडी घाला, उघडा, घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. तो कागद प्लेटवर ठेवून टोचा, मग चकतीच्या मापाचा तसाच कागद करून चकतीवर टोचा. दोन मिनिटांचं काम आहे.

खिडकीची तक्रार वेगळी असते, "शेजारचं चित्र डोकावतं". चार चित्रं असतील, म्हणजे अंडी, अळी, कोष, फुलपाखरू, तर प्रत्येकाला चकतीचा चतकोर मिळतो, पण खिडकी चतकोराएवढी कापायची नाही, त्याच्याहून कमी, दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून. आणि पिनेपर्यंत नेऊ नका, पिनेपासून अडीच-तीन सेंटीमीटर प्लेट शाबूत राहू दे, नाहीतर पिनेला धरायलाच काही उरत नाही. ऋतूंचं असेल तर आपले तीन, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, मग तिसरा भाग येतो, तिथे खिडकी मोठी चालते.

दुसरी तक्रार म्हणजे क्रम उलटा येतो, अंड्यानंतर थेट फुलपाखरू, मग कोष, मग अळी. चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनी फिरवणार असाल तर चित्रं काट्यांच्या उलट दिशेनी काढावी लागतात, हे डोक्यात बसत नाही, मोठ्यांच्याही बसत नाही. म्हणून डोकं लावायचंच नाही. आधी प्लेट, चकती, पिन सगळं जोडा, कोरं. मग खिडकीतून पेन्सिलीनी पहिलं चित्र काढा, चकती पाहिजे त्या बाजूला फिरवा, दुसरं काढा, असं करत जा. क्रम पण बरोबर येतो, चित्र आडवं-उलटं पण येत नाही आणि खिडकीच्या बाहेर पण जात नाही. मग पिन काढून रंगवा. चांदोबाच्या कलांना तर हीच पद्धत, कारण तिथे अमावस्या-पौर्णिमेमधल्या कोरी कुठल्या बाजूनी वाढतात यात आधीच गोंधळ असतो. आपल्याकडून बघताना शुक्ल पक्षात उजवी बाजू उजळते आणि कृष्ण पक्षात डावी उरते, हे चित्र काढायच्या आधी पाटीवर एकदा काढून घ्या.

रंग आणि गम. वॉटर कलर किंवा पोस्टर कलर लावला की प्लेट एका बाजूनी ओली होते, सुकताना ती बाजू आकसते आणि प्लेट वाकते, चकती तर हमखास. वाकलेली चकती प्लेटला घासणारच. एक तर ऑइल पेस्टल किंवा स्केच पेन वापरा, आणि रंगच पाहिजे असेल तर सुकल्यावर मागून ओल्या फडक्यानी हलकंसं पुसून घ्या, खालीवर वर्तमानपत्र ठेवा आणि रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवा. सकाळी सरळ होते. पावसाळ्यात, आणि कोकणात-मुंबईत तर विचारूच नका, रंग न लावताही हेच होतं, पावसात लाकडी दार चौकटीत फुगून बसतं ना तसा पुठ्ठा फटीत फुगून बसतो. जून ते सप्टेंबर काय करायचं असेल ते एरवीपेक्षा सैल ठेवून करा. घरी फिरत होतं आणि शाळेत फिरेना याचं एक कारण हे पण, दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी दोन तास.

गम कमी लावा हे मी सांगून सांगून थकले. मुलांना तो बोटानी फासायला आवडतो आणि तो पसरून फटीत शिरतो, रात्री सुकतो आणि सकाळी पट्टी प्लेटचाच भाग झालेली असते. जिथे काही सरकतं त्याच्या आजूबाजूला दोन बोटं गम नाहीच, तिथे डबल साइड टेप नाहीतर स्टेपल. स्टेपल मारलं तर मागे टोकं येतात त्याच्यावर सेलोटेप. आणि सरकणाऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासा. साधी पांढरी मेणबत्ती, चांगली जोरात, मेण दिसेपर्यंत. पट्टी अशी सुळकन सरकते की मुलं परत परत तेच करत बसतात. रंग देऊन झाल्यावर घासायची मात्र, आधी घासली तर मेणावर वॉटर कलर चढत नाही.

पट्टीबद्दल बोलतोच आहोत तर तिचे प्रॉब्लेम एकदम संपवू. पट्टी दोन प्रकारे हलते आणि चीर त्याप्रमाणे कापायची असते. चित्र काडीवर आहे आणि काडी चिरेतून बाजूबाजूला सरकते, उदाहरणार्थ समुद्रातली होडी, तर चीर हलण्याच्या दिशेनी. पट्टी चिरेत आतबाहेर होते, जसं कासवाचं डोकं, तर चीर हलण्याच्या आडवी. हे उलटं झालं की काहीच हलत नाही आणि मग चीर रुंद करत बसतात. आडव्या चिरेची लांबी पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, आणि नुसती एक रेघ मारून चालत नाही, दोन रेघा मारून मधला धागा काढून टाका म्हणजे पट्टीच्या जाडीला जागा होते. चिरेच्या दोन्ही टोकांना दाभणाचं गोल भोक पाडा, नाहीतर टोकं फाटत फाटत कडेपर्यंत जातात. आणि चीर कायम सपाट भागात, चुणीदार कडेत नाही.

पट्टी पूर्ण बाहेर निघून येते याला उपाय म्हणजे आतल्या टोकाला आडवा तुकडा चिकटवणे, चिरेपेक्षा रुंद. आधी पट्टी ओवायची मग तुकडा चिकटवायचा, उलटं केलं की ओवता येत नाही, हसू नका, दर बॅचला होतं.

बिळातल्या उंदराचं, म्हणजे एका अख्ख्या प्लेटवर अर्धी प्लेट लावून खिसा करायचा आणि खालून काडी ढकलली की उंदीरमामा वर येतो, त्याचे दोन ठरलेले घोळ. पहिला, अर्ध्या प्लेटची सगळी कड चिकटवून टाकतात, मग काडीला वाटच नाही. तळाशी मधोमध काडीपेक्षा थोडी रुंद जागा मोकळी सोडा. दुसरा, आइसक्रीमची काडी साधारण 11 सेंटीमीटरची असते आणि 9 इंची प्लेटचा खिसाही तेवढाच खोल, त्यामुळे उंदीर वर आला की काडी आत गायब आणि परत खाली ओढायला काही धरायलाच नाही. दोन काड्या जोडा किंवा शर्टच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या. उंदीर वर येऊन थांबत नसेल, सोडला की धप्पकन खाली, तर पट्टीला मधोमध अगदी हलकी घडी द्या, खिशात ती जरा दाबून बसते.

अंड्याचं पिल्लू. एकच प्लेट नागमोडी कापून दोन तुकडे केले की मिटल्यावर फट राहणारच, आतलं पिवळं दिसतं आणि सगळी मजा जाते. दोन प्लेटा घ्या. एकीवर नागमोडी कड कापा, दुसरीचा तुकडा दीड सेंटीमीटर जास्त ठेवा आणि तो मागून आत जाऊ दे. पिन एका बाजूला, कडेपासून दीड-दोन सेंटीमीटर आत. पिल्लू खालच्या तुकड्यालाच मागून चिकटवायचं, वरच्याला चिकटवलं तर टरफलाबरोबर पिल्लू पण उडून जातं, तेही मजेशीर दिसतं म्हणा.

इथपर्यंत सैल ठेवा सैल ठेवा चाललं होतं, आता उलटं. घड्याळाचे काटे कायम साडेसहा वाजवतात, मोराचा पिसारा वर नेला की आपोआप खाली पडतो, ही तक्रार असेल तर तिथे घट्टच पाहिजे. काटा एका टोकाला पिनेवर असतो, सगळं वजन दुसऱ्या टोकाकडे, तो लोंबणारच. पिसाऱ्याची अर्धी चकती पण तशीच, तिची पिन सरळ कडेच्या मधोमध असते आणि वजन सगळं एका बाजूला. तर इथे दोन थरांच्या मध्ये रबराची चकती घाला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा नाण्याएवढा तुकडा, मध्ये भोक, आणि पिन चांगली आवळा, काडीबिडी ठेवायची नाही. व्हॉल्व्हच्या नळीचा आस असेल तर नळी टेकवून घट्ट बसवा. काटा जिथे ठेवाल तिथे राहतो. मोराला अजून एक, पिसाऱ्याची चकती पुढच्या अर्ध्या प्लेटपेक्षा बोटभर लहान ठेवा, नाहीतर लपवलेला असताना खालून पिसं लोंबत असतात.

दोरी ओढली की हात वर करणारं माकड हे सगळ्यात जास्त फसणारं, आणि जमलं की सगळ्यात जास्त आवडणारं. प्रत्येक हाताला दोन भोकं लागतात. एक पिनेचं, जिथे हात प्लेटच्या मागे लटकतो. दुसरं दोऱ्याचं, ते पिनेच्या पलीकडे, म्हणजे पंजाच्या विरुद्ध टोकाकडे, दोन्हींत साधारण दीड सेंटीमीटर. हात खाली लोंबत असताना दोऱ्याचं भोक पिनेच्या वर दिसलं पाहिजे. ते खाली दिसत असेल तर तुम्ही ते पंजाच्या बाजूला पाडलंय, आणि मग दोरी कितीही ओढा, हात आधीच खाली आहे, तो अजून खाली कुठे जाणार? भोकं बरोबर असूनही हलत नसेल तर दोरा बांधताना हात वर धरले होते का ते आठवा. हात खाली लोंबलेलेच ठेवून दोन्ही भोकं आडव्या दोऱ्यानी जोडायची, दोरा ताठ पण ओढलेला नाही, आणि त्याच्या मधोमध खाली ओढायची दोरी.

हात वर जातात पण परत येत नाहीत असं असेल तर बघा ते पूर्ण उभे होऊन पलीकडे कलंडलेत का. दोरी मर्यादेपेक्षा जास्त ओढली की असं होतं. प्लेटच्या मागे खालच्या बाजूला कागदाची एक नळी चिकटवा, दोरी त्यातून काढा, आणि नळीच्या वरच्या बाजूला दोरीला गाठ किंवा मणी, नळीत न जाणारा, म्हणजे तेवढंच ओढलं जातं. नुसते हलके असल्यानी अर्ध्यात अडकत असतील तर पंजाच्या मागे एक रुपयाचं नाणं टेपनी लावा. आणि पिना प्लेटच्या सपाट भागात, कडेवर लावल्या तर हात तिरके घासतात. पायांनाही हेच सगळं, पण पहिल्यांदा करताना पाय करू नका, हातच करा, पाय नुसते चिकटवा.

सजावट शेवटी. डोळे, टिकल्या, लोकर, कापूस, सगळं हलवून बघितल्यावर, कारण खिडकीच्या कडेवर चिकटवलेला कापूस चकतीला ब्रेक लावतो.

आणि सकाळी साडेसहाला रिक्षा यायची आहे आणि चकती फिरत नाहीये अशी वेळ असेल तर हे सगळं वाचायला वेळ नाही, तेव्हा एवढंच करा. मागून पिनेचे पाय उभे करा, चकती काढा, चकतीची प्लेटला टेकणारी बाजू आणि प्लेटची पाठ दोन्हींवर मेणबत्ती घासा, कड कुठे लागत असेल तर चकती कात्रीनी अर्धा सेंटीमीटर गोल छाटा, परत लावा, पायांखाली काडी ठेवून वाकवा. पाय तुटला तर आईच्या डब्यातलं बटण. न्यायचं दप्तरातून नाही, हातात, साडीच्या सपाट बॉक्समधून, वर काही न ठेवता.